डिकी वर थांबत नाही? शॉकअप बदलण्याआधी हे बघा

लक्षणं

डिकी उघडून हात सोडला की ती हळूच खाली येते, ही तक्रार सगळ्यांच्या ओळखीची. पण ती शेवटची पायरी. त्याच्या आधी बरेच दिवस गाडी सांगत असते, आपलं लक्ष नसतं. पूर्वी थोडी उचलली की उरलेलं अंतर डिकी आपलीआप जायची, आता शेवटपर्यंत ढकलावी लागते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शाळेच्या घाईत दप्तर ठेवताना ती डोक्यावर येते, आणि दुपारी बघावं तर छान उभी. बंद करताना हाताला जो विरोध जाणवायचा तो राहिलेला नसतो, दार धाडकन आदळतं. कधी उघडताना करकर आवाज येतो, कधी डिकी एका कोपऱ्यातून पिळल्यासारखी वर जाते.

आणखी एक प्रकार आहे आणि हे लिहायचं खरं कारण तोच: शॉकअप, म्हणजे डिकीला वर तोलून धरणाऱ्या दोन बाजूंच्या गॅसच्या नळ्या, नवे घातले, पैसे मोजले, आणि वर्ष-दीड वर्षात डिकी पुन्हा पडायला लागली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि नातेवाइकांकडे अशा डिक्या माझ्या वाट्याला नेहमी येतात. शॉकअप बदलणं तसं अर्ध्या तासाच्या आतलं काम. पण जुने का गेले हे न बघता नवे घातले, तर नवेही त्याच वाटेनं जातात.

सकाळी पडते, दुपारी थांबते, हे कसं?

शॉकअपच्या नळीत जास्त दाबाचा नायट्रोजन आणि थोडं तेल असतं. नळीत आत-बाहेर सरकणारा चकचकीत दांडा बाहेर ढकलण्याचं काम गॅसचं. तेल नळीच्या तोंडाशी असलेलं सील ओलं ठेवतं आणि डिकी पूर्ण उघडताना शेवटचा झटका मऊ करतं. नळीवर 350एन, 420एन असा जो आकडा छापलेला असतो, तो न्यूटनमधला जोर. 400 न्यूटन म्हणजे साधारण 41 किलोचा रेटा. दांडा 8 मिलिमीटरचा असेल तर एवढ्या जोरासाठी आत जवळजवळ 80 बार दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन बार असतो. हा फरक पुढे एका ठिकाणी महत्त्वाचा ठरणार आहे.

आता एक हिशेब करून बघू. समजा डिकीचं दार 18 किलोचं आहे आणि त्याच्या वजनाचा मध्य बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर. ते वर तोलून धरायला सुमारे 88 न्यूटन-मीटर (जोर गुणिले बिजागरीपासूनचं अंतर) लागतात. शॉकअप बिजागरीच्या अगदी जवळ बसतात, त्यांच्या जोराच्या रेषेचं बिजागरीपासूनचं अंतर समजा 13 सेंटिमीटर. 400 न्यूटनचे दोन मिळून 104 देतात. म्हणजे हातात शिल्लक फक्त 16. गॅस काही वर्षांत सीलमधून थोडा थोडा जातो आणि 104 चे 89-90 होतात. छापलेला आकडा 20 अंश तापमानाचा असतो आणि दर अंशाला जोर साधारण एक तृतीयांश टक्क्यानं वर-खाली होतो. त्यामुळे दुपारी 30 अंशाला तेच शॉकअप 92 च्या आसपास देतात, डिकी थांबते. पुण्याच्या थंडीत सकाळी पारा 10 वर आला की 86, डिकी खाली. आकडे गाडीगणिक बदलतील, पण गोष्ट हीच. थंडीत पडणारी डिकी उन्हाळ्यात सुधारली म्हणून विषय सोडू नका, पुढच्या डिसेंबरात ती परत पडणारच.

आधी फुकटातल्या तपासण्या

गाडी सपाट जागी आणा. बेसमेंटच्या रॅम्पवर किंवा आमच्याकडच्या टेकडीच्या उतारावर नाक वर करून उभ्या गाडीची डिकी जास्त जड पडते, कारण बहुतेक गाड्यांत उघडी डिकी आडव्यापेक्षा थोडी वर असते आणि गाडी मागे कलली की ती आडवी होत जाते. शॉकअप चांगले असूनही तिथे डिकी सरकू शकते. सपाटीवर थांबत असेल तर तूर्त खर्च करायची गरज नाही, फक्त शिल्लक कमी झाली आहे एवढं लक्षात ठेवा.

मग डिकीवर मागाहून काय काय चढलंय ते बघा. बाजारातून बसवलेला स्पॉयलर, सायकलचं कॅरिअर, आतल्या बाजूला अडकवलेली छत्र्यांची जाळी. कंपनीनं शॉकअपचा जोर मूळ वजनावर ठरवलेला असतो. वरच्या हिशेबात शिल्लक 16 होती. दाराच्या टोकाशी दोन-तीन किलो लावले की ती संपते, कारण टोकाचं वजन बिजागरीपासून सगळ्यात लांब असतं. कॅरिअर काढल्यावर डिकी थांबली तर दोष शॉकअपचा नाही.

पावसाळ्यात आणि त्याच्यानंतर एक गोष्ट हमखास बघावी, जी फारसं कुणी बघत नाही: डिकीच्या दारात साठलेलं पाणी. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. धूळ, झाडाखालची पानं आणि वॉशिंग सेंटरचा गाळ यांनी ती बुजतात. मग मागच्या लाइटच्या किंवा काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी दारातच राहतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेही दाराच्या टोकाला. डिकी सावकाश वर-खाली करा आणि कान द्या. खळखळ आवाज आला तर प्लॅस्टिकच्या मऊ काडीनं भोकं मोकळी करा. लोखंडी तार घालू नका, आतला रंग खरवडून तिथे गंज धरतो. पाणी काढल्यावर डिकी शहाण्यासारखी उभी राहिलेली मी पाहिली आहे. त्या गाडीत नवे शॉकअप घातले असते तर वाढलेल्या वजनापुढे तेही लवकर अपुरे पडले असते, शिवाय दार आतून कुजत गेलं असतं.

डिकी मुळात उघडायलाच अडते, पण एकदा वर गेली की थांबते, अशी तक्रार असेल तर शॉकअपकडे जाऊच नका. तिथे बहुधा लॉक कोरडं झालेलं असतं किंवा रबरी बीडिंग उन्हानं चिकटलेलं असतं.

डोळ्यांनी तपासणी, एक जुनं फडकं एवढाच खर्च

चकचकीत दांडा बघा. त्यावर बोट फिरवल्यावर तेलाचा अगदी पातळ थर लागला तर ठीक. धुळीची ओली काळी रेघ, नळीच्या तोंडाशी चिखल झाल्यासारखा गोळा किंवा तेलाचा थेंब दिसला तर सील गेलं, निकाल लागला. तेल गेलेल्या शॉकअपचं सील कोरडं पडतं आणि मग गॅसही झपाट्यानं जातो.

तेल नसेल तर दांड्यावर रंगाचे ठिपके आहेत का ते बघा. लवकर गेलेल्या शॉकअपमध्ये मला सगळ्यात जास्त दिसलेलं कारण हेच. मागून कुणीतरी ठोकलं, डेंटिंग-पेंटिंग झालं, आणि रंग मारताना दांडा झाकला नाही. वाळलेला रंग काचपेपरसारखा काम करतो, दर उघडझापीला सील थोडं थोडं कापतो. गाडी बॉडी शॉपमध्ये देताना शॉकअप काढून ठेवा किंवा दांड्यावर कागद गुंडाळा, असं स्पष्ट सांगा. सांगितलं तर करतात. दांड्यावर गंजाचे खड्डे किंवा पकडीच्या दातांच्या खुणा असतील तरी परिणाम तोच. मग त्यावर पॉलिश पेपर मारून काही साधत नाही, उलट दांड्याचं कडक आवरण जातं.

तिसरी गोष्ट दिशा. डिकी बंद असताना दांडा खालच्या बाजूला आणि नळी वरच्या बाजूला असणं बरं, म्हणजे तेल सीलवर राहतं. दोन्ही टोकांचे कप सारखे असल्यानं घाईत उलटं बसवणं सोपं आहे. त्या दिवशी काहीच कळत नाही, डिकी झकास चालते. पण सील कोरडं राहतं आणि वर्षभरात रडगाणं सुरू होतं. गेल्या वेळी बदललेले लवकर गेले असतील तर हे आधी बघा. काही मॉडेलमध्ये मूळ रचनाच वेगळी असते, त्यामुळे गाडीच्या मॅन्युअलमधलं चित्र किंवा त्याच मॉडेलची हात न लागलेली दुसरी गाडी बघून खात्री करा.

हात लावून तपासणी: बॉल, पट्टी, बिजागरी

शॉकअपची दोन्ही टोकं गोल बॉलवर कपासारखी बसलेली असतात आणि कपाच्या मागे स्टीलची छोटी क्लिप असते. क्लिप आहे का बघा. ती नसेल तर शॉकअप एखाद्या खड्ड्यात निसटतो, आणि निसटताना काच किंवा बोट यांपैकी जे जवळ असेल त्याला लागतो. बॉलचा बोल्ट हातानं हलतोय का, तो ज्या पट्टीवर बसलाय तिला चीर आहे का, भोवतालचा रंग फुगलाय का, हे टॉर्च लावून बघा. करकर आवाज बऱ्याचदा फक्त कोरड्या बॉलचा असतो, थोडं ग्रीस लावलं की जातो.

मग डिकी बंद करून तिच्या चारही बाजूंच्या फटी बघा. डाव्या-उजव्या फटीत फरक असेल, एका कोपऱ्यात रंग घासलेला असेल, तर बिजागरी वाकलेली किंवा सरकलेली आहे. अशा गाडीत शॉकअप दांड्याच्या सरळ रेषेत दाबला जात नाही, तिरका दाबला जातो, आणि सील एका बाजूनं झिजतं. इथे नवे शॉकअप म्हणजे शुद्ध पैसे वाया. अपघाताच्या कामानंतर डिकीचं दार बदललेलं असेल तर ही शक्यता पहिली धरा.

दोनपैकी एकच शॉकअप गेलाय असं वाटलं तरी बदलायचे दोन्ही. एक बाजू 400 न्यूटननं आणि दुसरी 300 नं ढकलत राहिली तर दार पिळतं, फटी बिघडतात, आणि नवा शॉकअप जुन्याचंही काम करतो. काही छोट्या गाड्यांना मुळात एकाच बाजूला शॉकअप असतो. तिथे दुसऱ्या बाजूला आपल्या मनानं आणखी एक बसवू नका, दाराची आणि बॉडीची ती बाजू त्यासाठी मजबूत केलेली नसते.

वजनकाट्यावरची चाचणी

ही सक्तीची नाही, पण शंका मिटते. शॉकअप काढून दांडा खाली करून घरातल्या माणसाच्या वजनकाट्यावर सरळ उभा धरा, काट्यावर लाकडी फळी ठेवा, वरच्या टोकावर फडक्याची घडी ठेवून दोन्ही हातांनी हळू दाबा. दांडा आत सरकायला लागतो तेव्हाचा किलोचा आकडा गुणिले 9.8, की न्यूटन मिळाले. दाबताना सीलचं घर्षण मध्ये येतं, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दिसतो. तरीही तो नळीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी आला, किंवा दोन शॉकअपमध्ये मोठा फरक दिसला, तर बदला. चेहरा त्याच्या रेषेत ठेवू नका. आणि 500 च्या वरच्या शॉकअपवर हा प्रयोग करूच नका, हात घसरला तर दांडा उसळतो.

खरेदी: सगळा घोळ इथे होतो

दुकानात जाण्याआधी जुन्या शॉकअपची नळी पुसून चारही बाजूंनी फोटो काढा. पार्ट नंबर, न्यूटनचा आकडा, तारीख, जे छापलंय ते सगळं. डिकी पूर्ण उघडून एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या बॉलच्या मध्यापर्यंत लांबी मोजा, मग बाहेर दिसणाऱ्या दांड्याची. मॉडेलचं नाव आणि साल एवढ्यावर भागत नाही. त्याच गाडीच्या मागच्या वायपर-डिफॉगरवाल्या व्हेरिएंटचं दार जड असतं आणि त्याचा शॉकअप वेगळा असू शकतो.

नाना पेठेत, म्हणजे पुण्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, गेलात तर काउंटरवरून उत्तर येईल, “काका, सगळ्या हॅचबॅकला हाच चालतो.” चालत नाही. लांबी जास्त असेल तर डिकी लॉकपर्यंत येण्याआधी दांडा आत पूर्ण दाबला जातो, आणि वरून जोर लावला की पट्टी वाकते किंवा काचेला तडा जातो. लांबी कमी असेल तर डिकी अर्धीच उघडते आणि उंच माणसाचं कपाळ रोज तिच्या कडेला लागतं. न्यूटन जास्त घेतले तर सुरुवातीला बरं वाटतं, डिकी फाडकन उघडते. पण तोच जोर बंद डिकीला चोवीस तास आतून ढकलत असतो. बिजागरीवर आणि पत्र्यावर ताण येतो, आणि घरातल्या आजींना ती बंदच करता येत नाही. आपण स्पॉयलर बसवलाय म्हणून अंदाजानं 100 न्यूटन वाढवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

माझं मत विचाराल तर आधी कंपनीच्या पार्ट काउंटरवर जोडीचा भाव विचारून घ्या आणि मग नाना पेठेत पार्ट नंबर दाखवून बघा. नंबर जुळला आणि पाकीट सीलबंद असलं तर बाहेरचा माल घ्यायला हरकत नाही. तारीख बघा, वर्षानुवर्षं रॅकवर आडवा पडलेला शॉकअप नवा म्हणून घेऊ नका. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी गाडीचं पुष्कळ काही मिळतं, पण वापरलेला शॉकअप तिथून आणू नका. आत गॅस किती उरलाय ते बाहेरून कळत नाही. गॅस परत भरून देतो म्हणणाऱ्यांच्या नादीही लागू नका: सील तेच जुनं राहतं, आणि 80 बारची नळी भोक पाडून पुन्हा बुजवलेली आपल्या मानेच्या वर नको.

बसवणं

सपाट जागा, हँडब्रेक, आणि डिकी धरायला एक धट्टाकट्टा माणूस. त्याच्याशिवाय सुरुवात करू नका. जोडीला एक लाकडी टेकू हवा: डिकी उघडी असताना मोजून कापलेला, वरच्या टोकाला जाड फडकं बांधलेला. झाडूची काठी नको, ती वाकते आणि निसटते. एक शॉकअप काढला की उरलेल्या कमजोर शॉकअपवर सगळं दार येतं, लोकांना लागतं ते याच क्षणी.

एका वेळी एकच बाजू. कपाच्या मागची क्लिप छोट्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं तीन-चार मिलिमीटर उचला, पूर्ण काढू नका. ती उडाली की पार्किंगमध्ये सापडत नाही. क्लिप उचलून धरत कप बॉलवरून सरळ बाहेर ओढा. काही गाड्यांत टोकाला कपाऐवजी बोल्टची पट्टी असते, तिथे पान्हा लागेल. बॉल फडक्यानं पुसा, ग्रीसचा एक ठिपका लावा, नवा शॉकअप जुन्याच्याच दिशेनं (ती बरोबर असल्याची खात्री करून) धरा आणि अंगठ्यानं दाबा. टक असा आवाज आला की बसला. ओढून बघा. दांड्याला पकड लावायची नाही, तेल किंवा स्प्रे मारायचा नाही.

दोन्ही झाले की डिकी लगेच आपटून बंद करू नका. हातानं सावकाश खाली आणा आणि लॉकच्या दोन बोटं आधी थांबा. तिथे दगडासारखं अडलं तर शॉकअप लांब आहे, जोर न लावता परत काढा. अडलं नाही तर बंद करा, फटी पुन्हा बघा, आणि चार-पाच वेळा उघडझाप करून मग टेकू गाडीतून बाहेर काढा.

थांबा आणि माणूस बोलवा

बटणावर आपोआप उघडणारी-मिटणारी इलेक्ट्रिक डिकी असेल तर यातलं काहीही घरी करू नका. तिथे शॉकअपसारखी दिसणारी वस्तू बहुधा मोटर असते, बदलल्यावर ती सिस्टिमला पुन्हा शिकवावी लागते. शॉकअपच्या टोकाला वायर दिसली तरी तोच नियम.

बॉलचा बोल्ट फिरतो पण घट्ट होत नाही, म्हणजे बॉडीच्या आतलं नट सुटलंय. पट्टीला चीर आहे, गंज पत्र्यात शिरलाय, बिजागरी वाकलीय, काचेला बारीक का होईना तडा आहे, या सगळ्या कामांना चांगला बॉडी शॉपवाला लागतो. बोल्टपर्यंत पोचायला छताचं किंवा बाजूच्या खांबाचं कव्हर उघडावं लागत असेल आणि गाडीला कर्टन एअरबॅग (छताच्या कडेला कव्हरच्या आत दडवलेल्या) असतील, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. आणि नवे, योग्य नंबरचे, योग्य दिशेनं बसवलेले शॉकअप घालूनही डिकी पडत असेल तर तिसरी जोडी विकत घेऊ नका. गाडी दाखवा, बिजागरी आणि दाराचं वजन तपासून घ्या.

तोपर्यंत डिकी वापरावी लागणारच असेल तर टेकू गाडीतच ठेवा आणि लहान मुलांना मागे उभं करू नका. गणपतीचं मखर आणायला डिकी दोरीनं अर्धवट बांधून गाडी चालवायचा मोहही टाळा. प्रत्येक खड्ड्याला शॉकअप मागे-पुढे होत राहतो आणि उरलेला गॅसही जातो.

काढलेल्या जुन्या जोडीत अजून दाब असतो, डिकी उचलत नसली तरी. त्याला भोक पाडू नका, कापू नका, होळीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका. भंगारवाल्यालाही नुसता लोखंडाचा तुकडा म्हणून देऊ नका, तो ग्राइंडर लावेल. ज्या वर्कशॉपमध्ये असे पार्ट रोज निघतात तिथे नेऊन द्या, आणि आत गॅस आहे हे तोंडानं सांगून द्या.